मुंगेरची पियुरी: एका पिवळ्या रंगाचा इतिहास

युरोपातील रंगव्यापारी ज्याला ‘इंडियन यलो’ म्हणत आणि उत्तर भारतातील चितारी ज्याला पियुरी, पेवरी किंवा गोगुली या नावांनी ओळखत, ते झळझळीत पिवळे रंगद्रव्य सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत, म्हणजे सुमारे तीनशे वर्षे, चित्रकारांच्या वापरात होते. रंगद्रव्य म्हणजे पाण्यात किंवा तेलात न विरघळता बारीक कणांच्या रूपाने पसरून राहणारी, आणि डिंक, सरस किंवा जवसाचे तेल यांसारख्या बंधकाच्या आधाराने कागदाला वा कापडाला धरून राहणारी रंगीत भुकटी होय. पियुरीची भुकटी आंब्याच्या पानांवर पोसलेल्या गाईंच्या मूत्रापासून तयार होत असे. ती बनवणाऱ्यांच्या दृष्टीने ही रोजच्या व्यवहारातली बाब होती. मात्र तिच्यावर निबंध लिहिणाऱ्या युरोपीय विद्वानांना ती जवळजवळ शतकभर माहीत नव्हती, आणि एका भारतीय अधिकाऱ्याने प्रत्यक्ष पाहून ती लिहून कळवल्यानंतरही पुढची शंभराहून अधिक वर्षे तिच्याविषयी शंका घेतली जात राहिली. पियुरीचा इतिहास पाहताना रंगाइतकेच लक्ष साक्षीकडे द्यावे लागते ते या कारणाने.

भारतीय चित्रकाराजवळ पियुरीच्या आधीही पिवळे रंग होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतला पिवळा हा पिवळ्या मातीचा, म्हणजे जलयुक्त लोह-ऑक्साइडने रंगलेल्या मातीचा आहे. या मातीला उत्तरेकडे रामरज म्हणतात, ती उन्हाला, चुन्याला आणि काळाला दाद देत नाही, मात्र तिची छटा काहीशी मंद आणि तपकिरीकडे झुकणारी असते. तेजस्वी पिवळ्यासाठी हरताळ वापरला जाई. हरताळ हे आर्सेनिक आणि गंधक यांचे खनिज संयुग असून त्याच्या पापुद्र्यांना सोन्यासारखी चमक असते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात चित्रकाराच्या शुद्ध रंगांची गणना करताना पिवळ्यासाठी हरताळाचाच निर्देश येतो. हरताळ सुंदर खरा, पण तो विषारी आहे, शिसे आणि तांबे यांच्यापासून बनलेल्या रंगांशी त्याचे जुळत नाही, आणि मुख्य म्हणजे तो अपारदर्शक आहे. त्याचा थर खालच्या रेषेला झाकून टाकतो. गोरोचन हा गाईच्या पित्ताशयातील खड्यापासून मिळणारा आणखी एक पिवळा पदार्थ. लेखनासाठी, टिळ्यासाठी आणि औषधासाठी त्याचा उपयोग प्राचीन काळापासून होत आला. गाईशी असलेल्या संबंधामुळे पुढे अनेक लेखकांनी पियुरी आणि गोरोचन यांची गल्लत केली, परंतु ही दोन द्रव्ये उत्पत्तीने आणि घटनेने पूर्णपणे वेगळी आहेत.

पियुरीचे वैशिष्ट्य तिच्या पारदर्शकतेत होते. तिचे स्फटिकमय कण प्रकाशाला आरपार जाऊ देत. पातळ थर दिला तर खालचा पांढरा कागद तिच्यातून उजळून येई, आणि थरावर थर चढवले तर छटा मलूल न होता केशरी झाक असलेल्या खोल सोनेरी पिवळ्याकडे सरकत जाई. या गुणाला आणखी एका गोष्टीची जोड होती: हे द्रव्य अतिनील किरण शोषून घेऊन पिवळ्या प्रकाशाच्या रूपाने परत फेकते. डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांपासून दृश्य प्रकाश निर्माण करण्याच्या या गुणधर्माला प्रतिदीप्ती म्हणतात. सूर्यप्रकाशातही अतिनील किरणांचा अंश असतो, त्यामुळे जुन्या रसिकांना पियुरीचा पिवळा आतून पेटल्यासारखा वाटला तर त्यात केवळ काव्य नव्हते.

मुघल दरबारातील चित्रशाळांत आणि त्यांच्यामागोमाग राजस्थान व पहाडी प्रदेशातील दरबारांत हा रंग स्थिरावला. चितारी पियुरी खलात घोटून, पाण्यात निवळून घेत, बाभळीच्या डिंकात कालवीत आणि शिंपल्यात साठवून ठेवीत. कागदाचे अनेक ताव खळीने एकमेकांवर चिकटवून केलेल्या वसलीवर रंग भरला, की चित्र पालथे घालून मागच्या बाजूने अकीकाच्या गोट्याने घोटले जाई, आणि त्या दाबाने रंगाचे कण सपाट बसून पृष्ठभागाला मिन्यासारखी तकाकी येई. वस्त्रे, जामे, उन्हाने भरलेली पार्श्वभूमी आणि कृष्णाचे पीतांबर अशा जागी तिचा उपयोग होई, आणि नीळ मिसळून तिच्यापासून हिरव्या छटाही तयार करता येत. या तंत्राचा पहिला शिस्तशीर अभ्यास करणाऱ्यांत डॉ. मोतीचंद्र यांचे नाव घ्यावे लागते. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाचे संचालकपद भूषवलेल्या या विद्वानाचा मुघल चित्रतंत्रावरील इंग्रजी ग्रंथ १९४९ मध्ये लखनौहून प्रसिद्ध झाला, आणि कागद, कुंचले, रंग व घोटाई यांच्याकडे चित्राच्या विषयाइतक्याच गांभीर्याने पाहण्याची सवय त्याने अभ्यासकांना लावली. महाराष्ट्रात भिंतींना लावली जाणारी पिवडी हे नाव याच कुळातले असले तरी वस्तू वेगळी आहे. ती बहुधा पिवळी माती किंवा स्वस्त खनिज रंग असे, आणि दिवाणखान्याच्या भिंतीला ती लावणाऱ्यांचा मुंगेरच्या गाईंशी काही संबंध नव्हता.

युरोपीय चित्रकारांना हा रंग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात परिचित झाला. भारतात राहिलेले हौशी चित्रकार रॉजर ड्यूहर्स्ट यांनी १७८६ मध्ये आपल्या पत्रांत त्याचा उल्लेख केला असून, हळद खाऊ घातलेल्या जनावरांच्या मूत्रापासून तो होतो, असे त्यांनी ऐकले होते. हळदीचा तपशील चुकीचा असला तरी जनावर आणि मूत्र या दोन गोष्टी त्यात बरोबर आहेत, आणि प्रदेशात राहून चौकशी केलेल्या माणसाला अर्धे सत्य का होईना हाती लागले होते. त्यानंतर माल लंडनला जाऊ लागला तो मळकट, तपकिरी-हिरवट गोळ्यांच्या रूपाने. हे गोळे बाहेरून ओंगळ दिसत आणि त्यांना तीव्र दर्प येई, मात्र फोडले की आत लखलखीत पिवळा रंग निघे. रंगव्यापारी ते कुटून, पुन्हा पुन्हा धुऊन आणि गाळून शुद्ध करीत, आणि मग ‘विन्सर अँड न्यूटन’सारख्या कंपन्यांच्या जलरंगाच्या वड्यांत व तैलरंगांत तो रंग सभ्य नावाने विकला जाई. जे. एम. डब्ल्यू. टर्नर या इंग्रज निसर्गचित्रकाराच्या रंगसाहित्यात इंडियन यलो आढळला आहे. धुके, वाफ आणि मावळता प्रकाश रंगवण्याची ज्याला ओढ होती अशा चित्रकाराला पारदर्शक आणि तरीही दाट असा पिवळा हवाहवासा वाटणे स्वाभाविक होते.

हा दर्प नेमका कशाचा, यावर मात्र युरोपात एकमत होईना. मेरिमे या फ्रेंच चित्रकार-लेखकाने तैलचित्रणावरील आपल्या १८३० च्या ग्रंथात मूत्राची गोष्ट अविश्वसनीय मानली. रंगविशारद जॉर्ज फील्ड याने १८३५ च्या ग्रंथात तो उंटाच्या मूत्रापासून होतो, असे नोंदवले. मग रसायनशास्त्रज्ञ पुढे आले. १८४४ मध्ये जॉन स्टेनहाउस याने ब्रिटनमध्ये आणि ओटो लिने एर्डमान याने जर्मनीत एकमेकांपासून स्वतंत्रपणे या गोळ्यांचे पृथक्करण केले, आणि त्यातून मॅग्नेशियमशी बांधलेले एक पिवळे आम्ल वेगळे काढले, जे पुढे युक्झँथिक आम्ल या नावाने रूढ झाले. पृथक्करण उत्तम होते. त्यावरून स्टेनहाउसने काढलेला निष्कर्ष मात्र असा, की हा रंग कोणत्या तरी झाडाच्या रसात मॅग्नेशिया मिसळून आणि तो आटवून तयार होत असावा, म्हणजे जनावराशी त्याचा काही संबंध नाही. प्रयोगशाळेत द्रव्याची घटना कळली तरी ते कोणी, कुठे आणि कसे केले हे कळत नाही, आणि ज्यांना ते माहीत होते त्या माणसांना चार दशके कोणी विचारले नाही. गोळे विकणारे कलकत्त्यात होते, बनवणारे गंगेच्या काठी होते, रेल्वे मुंगेरच्या शेजारी जमालपूरपर्यंत पोचून तिथे १८६२ मध्ये मोठा कारखानाही सुरू झाला होता. अडचण अंतराची नव्हती.

अखेर १८८३ च्या जानेवारीत लंडनजवळील क्यू येथील शाही वनस्पती उद्यानाचे संचालक जोसेफ हूकर यांनी भारत सरकारच्या यंत्रणेकडे या रंगाविषयी चौकशी केली, आणि ती त्रैलोक्यनाथ मुखोपाध्याय यांच्याकडे आली. इंग्रजी कागदपत्रांत ते टी. एन. मुखर्जी या नावाने येतात. १८४७ मध्ये बंगालमध्ये जन्मलेले त्रैलोक्यनाथ त्या वेळी महसूल व कृषी खात्यात काम करीत होते. पुढे कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमशी त्यांचा संबंध आला, १८८६ च्या लंडनमधील वसाहती प्रदर्शनासाठी ते युरोपला गेले, १८८८ मध्ये भारतीय कलाकुसरीच्या उत्पादनांवरील त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि बंगाली वाचक त्यांना ‘कंकावती’सारख्या अद्भुत आणि उपहासगर्भ कथांचे लेखक म्हणून आजही ओळखतात. देशातील वस्तू, धान्ये, कारागिरी आणि व्यापार यांची माहिती गोळा करणे हा त्यांच्या नोकरीचा भाग होता, आणि त्या कामाला लागणारी चिकाटी व नजर त्यांच्याजवळ होती. त्यांनी पुस्तके चाळून उत्तर दिले नाही; ते स्वतः मुंगेरला गेले. त्यांचे उत्तर २७ ऑगस्ट १८८३ चे असून ते त्याच वर्षी लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सच्या नियतकालिकात छापले गेले.

त्या पत्रानुसार बाजारात पियुरी नावाने दोन वस्तू मिळत. एक खनिज, जी लंडनहूनच आयात होई. दुसरी गाईच्या मूत्राची, आणि ती मुंगेर शहराच्या उपनगरातील मिर्झापूर नावाच्या वस्तीत होई. हे मिर्झापूर म्हणजे गालिच्यांसाठी प्रसिद्ध असलेले उत्तर प्रदेशातील शहर नव्हे. बिहारमध्ये गंगेच्या दक्षिण तीरावर, आमराईंनी वेढलेल्या मुंगेरच्या कडेचे ते एक छोटे खेडे. तेथील गवळ्यांचा एक गट हाच धंदा करी. ते आपल्या गाईंना आंब्याची पाने आणि पाणी याखेरीज जवळजवळ काही देत नसत, कारण या आहाराने मूत्रातील पिवळे द्रव्य वाढते. गाईंनी दिवसातून तीन-चार वेळा मूत्र सोडावे म्हणून त्यांच्या मूत्रमार्गापाशी हाताने हलके चोळले जाई, आणि या सवयीचा परिणाम असा, की त्या गाई आपणहून मूत्र सोडूच शकत नसत. मूत्र लहान मडक्यांत धरून गार होऊ देत, मग संध्याकाळपर्यंत साठलेले सर्व मातीच्या भांड्यात विस्तवावर तापवीत. तापल्यावर पिवळा गाळ वेगळा होई, तो मांजरपाटाच्या फडक्यातून गाळून घेत, हाताने त्याचा गोळा वळीत आणि तो आधी कोळशाच्या निखाऱ्यांवर व नंतर उन्हात वाळवीत. मुंगेरचे मारवाडी व्यापारी हा माल घेत आणि कलकत्ता व पाटण्याकडे पाठवीत. स्थानिक उपयोग मुख्यतः दारे आणि कठडे रंगवण्यासाठी होई. वासामुळे कापड रंगवायला तो कोणी घेत नसे.

गाईंच्या स्थितीविषयी मुखर्जींनी जे लिहिले ते त्यांच्या साक्षीचे मोल वाढवणारे आहे. अशा गाई दोन वर्षांत मरतात, असे परिसरात बोलले जाई. गवळ्यांनी ते नाकारले, आणि चार वर्षांपासून ज्यांच्यापासून रंग घेतला जात आहे अशी सहा-सात वर्षांची जनावरे मुखर्जींनी स्वतः पाहिली. त्यामुळे अफवा जशीच्या तशी उतरवून न घेता त्यांनी ती दुरुस्त केली. पण गाई रोगट आणि खंगलेल्या दिसतात, हेही त्यांनी स्पष्ट नोंदवले. शक्ती टिकावी म्हणून अधूनमधून गवत आणि नेहमीचा चारा दिला जाई, मात्र तसे केले की रंगाचे प्रमाण घटे, म्हणून तो फार दिला जात नसे. जनावराचे पोट आणि मालकाचा नफा यांच्यात या धंद्यात सरळ विरोध होता. इतर गवळी या गटाकडे तिरस्काराने पाहत, त्यांना गाईंचा नाश करणारे समजत. ज्या समाजात गाय पूज्य आणि गवळ्याची प्रतिष्ठा तिच्या धष्टपुष्टपणावर अवलंबून, तिथे या लोकांनी पत्करलेली अवहेलना लहान नव्हती, आणि लंडनच्या दुकानातील वडीच्या किमतीतला किती अंश मिर्झापूरच्या झोपडीपर्यंत पोचत असेल याचा अंदाज करणे अवघड नाही.

मुखर्जींनी दिलेल्या मापांवरून थोडा हिशेब करून पाहता येतो. एक गाय दिवसाला सरासरी तीन क्वार्ट, म्हणजे सुमारे साडेतीन लिटर मूत्र देई, आणि त्यातून दोन औंस, म्हणजे साधारण ५६ ग्रॅम पियुरी निघे. वर्षातला एकही दिवस खंड न पडता हे चालले असे धरले तरी एका गाईमागे वर्षाला २० किलो रंग होतो. एक टन मालाला किमान ५० गाई वर्षभर आंब्याच्या पानांवर ठेवाव्या लागतील. साडेतीन लिटर ही मात्राही निरोगी गाईच्या मानाने फारच थोडी आहे, आणि खंगलेल्या जनावरांचे जे वर्णन पत्रात येते त्याला ती जुळते. एका खेड्यातील मूठभर कुटुंबांना एवढी जनावरे पाळणे शक्य होते, मात्र त्यापलीकडे धंदा पसरण्याजोगा नव्हता, कारण दूध जवळजवळ नाही, शेण कमी, वासरू पोसणे कठीण, आणि शेजाऱ्यांचा रोष रोजचा.

आंब्याच्या पानांतून हा रंग कसा येतो, याचे उत्तर पुढच्या काळात उलगडले. आंब्याच्या पानांत, सालीत आणि कोयीत मँजिफेरिन नावाचे फिकट पिवळे द्रव्य असते. ते झँथोन या गटातील संयुग असून त्याला साखरेचा एक रेणू जोडलेला असतो. गाईच्या पोटातील सूक्ष्मजीव आणि तिचे स्वतःचे चयापचय मिळून त्याचे रूपांतर युक्झँथोन या साध्या झँथोनात करतात. शरीराला नको असलेली, सहज न विरघळणारी द्रव्ये बाहेर टाकण्यासाठी यकृत त्यांना ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडते, त्यामुळे ती पाण्यात विरघळून मूत्रपिंडावाटे निघून जातात. युक्झँथोनला हे आम्ल जोडले गेले की युक्झँथिक आम्ल तयार होते. मूत्रातील मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांच्याशी त्याचा संयोग होतो, आणि तापवल्यावर पाण्यात फारसे न विरघळणारे हे क्षार गाळाच्या रूपाने खाली बसतात. तोच गवळ्याचा गोळा. १८८० च्या दशकात जर्मन भाषक रसायनशास्त्रज्ञांनी प्राण्यांना शुद्ध युक्झँथोन खाऊ घालून त्यांच्या मूत्रात युक्झँथिक आम्ल मिळवून दाखवले, तेव्हा मुंगेरची रीत शरीरशास्त्राच्या दृष्टीने शक्य असल्याचे सिद्ध झाले. ग्लुक्युरॉनिक आम्लाच्या आरंभीच्या अभ्यासातही या पिवळ्या रंगाचा मोठा उपयोग झाला, कारण १८८२ मध्ये युक्झँथिक आम्लाचे विघटन करून ते वेगळे काढण्यात आले. औषधे शरीरातून कशी बाहेर पडतात, हे समजून घेण्याचा जो मार्ग आज प्रत्येक औषधशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात असतो, त्याच्या पहिल्या टप्प्यांत मिर्झापूरच्या गवळ्यांच्या मालाचाही वाटा आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, १९०८ च्या सुमारास, हा माल युरोपच्या बाजारात येईनासा झाला आणि १९२० च्या दशकाच्या आरंभी व्यापाऱ्यांजवळचे साठेही संपले. क्रूरतेमुळे ब्रिटिश सरकारने कायदा करून हा धंदा बंद केला, असे कलेवरील कितीतरी पुस्तकांत ठामपणे लिहिलेले आढळते. असा कायदा अभ्यासकांना सापडलेला नाही. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा १८९० चा अखिल भारतीय कायदा या संदर्भात दाखवला जातो, परंतु त्या कायद्यात फुक्याचा, म्हणजे दूध वाढवण्यासाठी गाईच्या योनिमार्गात हवा वा पदार्थ फुंकण्याच्या प्रथेचा, नाव घेऊन निषेध आहे, पियुरीचा नाही. एका घातक गोप्रथेचे नाव ज्या सरकारला कायद्यात घालावेसे वाटले, त्याला दुसरीचे घालता आले असते, विशेषतः तिच्याविषयीचा अहवाल सात वर्षांपूर्वी सरकारी खात्यातूनच गेलेला असताना. म्हणून कायद्याची गोष्ट ही मागाहून जोडलेली कारणमीमांसा मानणेच योग्य ठरते.

खरी कारणे बाजारात शोधावी लागतात. १७९७ मध्ये व्होकलँ याने क्रोमियमचा शोध लावल्यानंतर क्रोम पिवळा हा स्वस्त रंग एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बाजारात आला, कॅडमियमचा शोध १८१७ मधला आणि त्यापासूनचा पिवळा शतकाच्या मध्यापर्यंत चित्रकारांच्या हाती आलेला, कोबाल्टपासून होणारा ऑरिओलिन नावाचा पारदर्शक पिवळा १८६० च्या दशकात ‘विन्सर अँड न्यूटन’ने विक्रीस काढला, आणि १९०९ च्या सुमारास हान्सा पिवळे हे कोळशाच्या डांबरातील द्रव्यांपासून बनणारे कृत्रिम रंग आले. यांतील प्रत्येकाने पियुरीचा एकेक गुण स्वस्तात आणि दर्पाशिवाय देऊ केला. लंडनहून आलेली खनिज पियुरी त्याच नावाने बाजारात विकली जात होती, याची नोंद मुखर्जींच्या पत्रात आहे; म्हणजे स्पर्धा भारतातच सुरू झालेली होती. त्याच काळात, १८८० आणि १८९० च्या दशकांत, गोरक्षणाच्या सभा उत्तर भारतात जोर धरत होत्या, १८९३ मध्ये त्यावरून बिहारमध्ये आणि वायव्य प्रांत व अवध येथे मोठे दंगे झाले, आणि आधीच शेजाऱ्यांच्या नजरेतून उतरलेल्या एका छोट्या गटाला अशा वातावरणात हा धंदा उघडपणे चालवणे दिवसेंदिवस कठीण झाले असणार. भाव पडलेला आणि बदनामी वाढलेली असताना तो सोडून देण्यासाठी सरकारी हुकमाची गरज नव्हती.

धंदा संपल्यावर साक्षही एकटी पडली. विसाव्या शतकात या रंगावर लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा आधार शेवटी मुखर्जींचे एकच पत्र असे, आणि एकाच पत्रावर किती विसंबायचे हा प्रश्न रास्त होता. इंग्रज लेखिका व्हिक्टोरिया फिनले यांनी रंगांच्या इतिहासावरील आपल्या २००२ च्या पुस्तकासाठी मुंगेरला जाऊन मिर्झापुरात चौकशी केली, तेव्हा तिथे कोणाला या धंद्याची आठवण नव्हती. बंदीच्या कायद्याचा माग लागत नाही, हेही त्यांनीच ठळकपणे मांडले. त्यांची शंका प्रामाणिक होती आणि कायद्याविषयी ती उपकारक ठरली. पण तिचा आधार घेऊन काहींनी सगळे पत्रच संशयास्पद ठरवले, ते न्याय्य नव्हते. शंभर वर्षांपूर्वी नामुष्कीत बुडालेल्या धंद्याची आठवण त्या वस्तीने जपून ठेवावी, अशी अपेक्षा करणेच चुकीचे आहे. ज्या कामामुळे आजोबांना जातभाईंनी दूर लोटले, त्याची गोष्ट नातवंडांना सांगितली जात नाही. कथाकार मुखर्जींची लेखणी उपहासाची असली तरी खात्याच्या चौकशीला उत्तर देणारा अधिकारी वेगळ्या जबाबदारीने लिहितो, आणि दोन औंस, तीन क्वार्ट, मांजरपाटाचे फडके, चार वर्षे रंग दिलेली गाय असा तपशील कल्पनेच्या भरात लिहिणाऱ्याचा नसतो.

शिवाय मुखर्जींनी केवळ पत्र पाठवले नव्हते. पत्रासोबत त्यांनी पियुरीचे नमुने, रंग तयार करण्याचे मातीचे भांडे, आंब्याची पाने आणि मूत्राचा नमुना अशा वस्तू क्यूला रवाना केल्या होत्या, आणि तेथील आर्थिक वनस्पतिशास्त्राच्या संग्रहात पियुरी टिकून राहिली. रिबेका प्लोगर, ॲरन शुगर, ग्रेगरी स्मिथ आणि व्हिक्टर चेन या संशोधकांनी तिचे आधुनिक उपकरणांनी पृथक्करण करून निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. युक्झँथिक आम्ल आणि युक्झँथोन तर त्यात अपेक्षित होतेच. त्यांच्याबरोबर हिप्प्युरिक आम्लही सापडले. हे आम्ल शाकाहारी जनावरांच्या मूत्रात मुबलक असते, आणि झाडाचा रस आटवून केलेल्या रंगात ते येण्याचे कारण नाही. स्टेनहाउसचे अनुमान त्यामुळे निकालात निघाले आणि १३६ वर्षांपूर्वी मुंगेरहून गेलेले वर्णन, त्याच माणसाने त्याच वेळी पाठवलेल्या वस्तूच्या आधारे, खरे ठरले. लेखी साक्षीबरोबर वस्तू पाठवण्याची आणि ती सांभाळून ठेवण्याची पद्धत नसती, तर हा वाद आजही चालूच राहिला असता.

आज रंगाच्या नळ्यांवर इंडियन यलो हे नाव छापलेले असते, पण त्यांत युक्झँथिक आम्लाचा लवलेश नसतो. उत्पादक वेगवेगळी कृत्रिम रंगद्रव्ये मिसळून ती छटा साधतात, आणि एका कंपनीचा इंडियन यलो दुसरीच्या इंडियन यलोशी जुळेलच असे नाही. संग्रहालयांतील संरक्षकांना मात्र या नावामागच्या मूळ द्रव्याचा फार उपयोग होतो. एखादे लघुचित्र अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली धरले, तर हरताळ, पिवळी माती किंवा क्रोम पिवळा यांचे भाग काळवंडलेले दिसतात आणि पियुरीचे भाग पिवळे उजळतात. हा पहिला संकेत मिळाला की सूक्ष्म नमुना घेऊन किंवा नमुना न घेताच वर्णपटाच्या साह्याने त्याची खातरजमा करता येते. मूळ पियुरी १९२० च्या दशकानंतर मिळत नसल्याने तिचे अस्तित्व हा चित्राच्या काळाविषयीचा एक पुरावा ठरतो, आणि अठराव्या शतकातील म्हणून पुढे आलेल्या चित्रात पियुरीच्या जागी हान्सा पिवळा निघाला, तर तो भाग नंतर दुरुस्त केलेला आहे किंवा सगळे चित्रच अलीकडचे आहे, असे खात्रीने सांगता येते. पहाडी आणि राजस्थानी चित्रांच्या वाढत्या बाजारात बनावट मालही वाढत असताना ही तपासणी अभ्यासकांच्या आणि खरेदीदार संस्थांच्या रोजच्या कामाचा भाग होत चालली आहे.